अम्लपित्त : पेढीची वेळ आणि पोटाची वेळ

गतवर्षी संघाची वार्षिक सभा आटोपून पंगत उठली, तेव्हा आम्ही मांडवाच्या एका बाजूस उभे होतो. भोजन उत्तम झाले होते, आग्रहही यथास्थित झाला होता. मंडळी हात धुऊन सुपारीच्या तबकाकडे वळतात न वळतात तोच कोणाच्या खिशातून कागदी पुडी निघाली, कोणाच्या पिशवीतून चूर्णाची डबी, तर कोणाच्या पाकिटातून गोळ्यांची पट्टी. आम्ही सहज मोजू लागलो आणि अकरावर पोहोचल्यानंतर मोजणे सोडून दिले. यंदा स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्हांस विषय शोधावा लागला नाही.

आमचे घराणे भुसार मालाच्या आडतीचे. वडीलबंधू अद्याप पेढीवर बसतात. आम्ही तेवढे वैद्यकीकडे वळलो. त्यामुळे व्यापाऱ्याचा दिवस कसा जातो हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही, आणि त्या दिवसाचा हिशेब पोट कसा चुकता करून घेते हेही गेली अनेक वर्षे रोज पाहत आहो. पुढील विवेचन या दोन्ही बाजूंच्या परिचयातून केलेले आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या बोलण्यात ‘पित्त झाले’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींस लावला जातो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके ठणकून उलटी झाली तरी पित्त, छातीत जळजळ झाली तरी पित्त, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा राग अनावर झाला तरी पित्तच! यातून औषधाची गल्लत होते. अंगावर उठणाऱ्या गांधींना वैद्यकात शीतपित्त म्हणतात. त्यावर आमसुलाचे पाणी लावण्याची व पिण्याची जुनी रीत आहे. ती पाहून छातीत जळजळणारा मनुष्यही आमसुलाचे पाणी पितो आणि आंबटावर आंबट घालून घेतो. आम्ही येथे बोलणार आहो ते केवळ अम्लपित्ताविषयी, म्हणजे अन्न नीट न पचणे, आंबट किंवा कडवट ढेकर येणे, छातीत व घशात दाह होणे, मळमळ, अंग जड होणे, अन्नावरची वासना उडणे या लक्षणांच्या विकाराविषयी.

चरकसंहितेत या विकाराचा उल्लेख ग्रहणीच्या प्रकरणात येतो. स्वतंत्र अध्याय तेथे नाही. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि पुढे माधवनिदानात मात्र त्यास स्वतंत्र स्थान मिळाले आहे. माधवकराने त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद केले. वर उसळणारे ते ऊर्ध्वग, खाली जाणारे ते अधोग. आज ज्यास डॉक्टर मंडळी ‘रिफ्लक्स’ म्हणतात, तो बव्हंशी ऊर्ध्वग प्रकारात बसतो. पित्ताची स्वाभाविक चव तिखट. ते विदग्ध झाले की आंबट होते, असे सुश्रुताचे मत आहे. ज्या भांड्यात कालचे दही चिकटलेले आहे, त्यात ताजे दूध घातले तरी ते नासणारच. तसे आधीचे अन्न अर्धवट आंबून राहिलेल्या कोठ्यात उत्तम अन्न घातले तरी त्याचे आंबटच होते.

आधुनिक वैद्यक याच गोष्टीकडे जरा निराळ्या बाजूने पाहते. अन्ननलिका जेथे जठरास मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय असते. घास खाली जाताना ते उघडते आणि एरवी मिटलेले राहते. जठरातील आम्ल जठरास सोसते, कारण त्याचे अस्तर त्यासाठीच घडलेले आहे. अन्ननलिकेचे अस्तर तसे नाही. वलय सैल पडले, किंवा पोट इतके भरले की खालून दाब आला, म्हणजे आम्ल वर चढते आणि जेथे लागू नये तेथे लागते. तेलकट, तुपकट अन्न, तंबाखू, मद्य आणि चॉकलेट यांनी हे वलय सैल पडते, पुदिन्यानेही पडते. पुदिना पाचक म्हणून आपण आवडीने घेतो, परंतु ज्याच्या घशाशी आंबट येते त्याने तो बेतानेच घ्यावा. वाढलेले पोट, घट्ट कमरपट्टा आणि ओणवे बसणे यांनी खालचा दाब वाढतो. पूर्वीचे मुनीम वहीवर ओणवे होत, आजचे संगणकापुढे वाकतात. पोटाच्या दृष्टीने दोन्ही एकच.

माधवकराने या रोगाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली आहे, आणि आमच्या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. नवे अम्लपित्त प्रयत्नाने बरे होते. जुने झालेले बहुधा ‘याप्य’ असते. याप्य म्हणजे जे मुळापासून जात नाही, परंतु पथ्याने आणि औषधाने आवरून धरता येते. पडू आलेल्या घरास टेकू द्यावा तसे हे आहे, आणि टेकू एकदा देऊन काढून घ्यावयाचा नसतो. व्यापाऱ्यास हे समजावयास अवघड जाऊ नये. एखादे खाते कायमचे बंद होत नाही, चालू राहते. परंतु महिन्याच्या महिन्यास मिळवणी केली तर ते डोईजड होत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक सभासद मात्र खाते एका पुडीत बंद करून मागतात.

येथे एका गृहस्थांची हकीकत सांगणे आवश्यक वाटते. मिरची आणि हळदीचा घाऊक व्यापार करणारे हे गृहस्थ आमच्या जुन्या परिचयाचे; वय बावन्न. संकेश्वरी मिरचीच्या पोत्यांमध्ये आयुष्य गेले. आठ वर्षांपासून छातीत जळजळ. गल्ल्याच्या खणात एका बाजूस नाणी आणि दुसऱ्या बाजूस खाण्याच्या सोड्याची डबी, अशी व्यवस्था. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम त्यांनी लग्नापासून पाळलेला. अलीकडे कोणीतरी त्यांस सांगितले की, तुम्ही सहा वाजता जेवता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोट रिकामे ठेवता, त्यामुळेच आम्ल वाढते; रात्री नऊला जेवत जा. चिरंजीवांचाही तोच आग्रह. गृहस्थ आमच्यापुढे येऊन बसले ते औषधासाठी नव्हे. “वैद्यराज, तीस वर्षांचा नियम मोडू का, एवढे सांगा,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

आम्ही त्यांस उत्तर देण्यापूर्वी कागद पुढे केला आणि सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जाते ते वेळेसह लिहावयास सांगितले. व्यापारी मनुष्य, नोंद चोख केली. सकाळी देवदर्शनानंतर चहा. नऊला पेढी उघडली की चहा. साडेदहाला गिऱ्हाइकाबरोबर चहा आणि मूठभर फरसाण. बाराला भूक लागे, परंतु तेव्हा गाड्या खाली होण्याची वेळ. म्हणून पुन्हा चहा. घरचा डबा उघडे तो तीन वाजता, आणि भुकेने कावलेला मनुष्य जसे जेवतो तसे जेवण होई. मग पावणेसहाला घाईघाईने घरी, सूर्यास्ताच्या आत दुसरे पूर्ण जेवण, आणि लगेच परत पेढीवर, रात्री साडेनऊपर्यंत वहीवर ओणवे. महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे असे, त्या आठवड्यात सोड्याची डबी लवकर संपे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते.

तीनला एक पूर्ण जेवण, सहाच्या आत दुसरे. पहिले पचण्यापूर्वी दुसरे खाणे यास आयुर्वेदात ‘अध्यशन’ म्हणतात आणि अग्नी बिघडविणाऱ्या कारणांत त्याचे स्थान फार वरचे आहे. दोष सायंकाळच्या जेवणाचा नव्हता, दुपारच्या जेवणाचा होता. आम्ही त्यांस सांगितले की, नियमास हात लावू नका; डबा तीनवरून साडेअकरावर आणा.

उलट या विकारात सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे एक मोठे साहाय्य आहे. जेवण आणि निजणे यांमध्ये निदान तीन तासांचे अंतर असावे, असे आज डॉक्टरही या रोग्यांस बजावून सांगतात. मनुष्य आडवा झाला की वर येणाऱ्या आम्लास अटकाव करणारा उतार नाहीसा होतो. पोट रिकामे असेल तर वर यावयास फारसे काही नसते. आपल्या भागात मार्गशीर्षात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि ज्येष्ठात सातच्या सुमारास होतो. दहा वाजता निजणाऱ्यास हे अंतर कोणत्याही ऋतूत आपोआप मिळते. आचार म्हणून जे घरात चालत आले, ते येथे पथ्यही ठरते. केवळ घड्याळ पाळून भागत नाही, इतकेच. सूर्यास्ताची घाई म्हणून दहा मिनिटांत पोटभर जेवले, तर अंतर मिळते परंतु दाब वाढतो.

येथे ऊनोदराचे स्मरण होते. बाह्य तपांत अनशनाच्या खालोखाल ज्याची गणना आहे, ते अवमौदर्य आपण पर्वकाळापुरते ठेवून दिले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानून त्याहून कमी खाणे ते ऊनोदर. आयुर्वेदाचे सांगणेही याच्या जवळचे आहे. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक द्रवास आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावयास सांगितले आहे. चरकाने तीन भाग केले, परंतु एक भाग मोकळा ठेवण्याविषयी त्याचाही आग्रह आहे. आमच्या अनुभवात मिरचीवाल्या गृहस्थांसारख्या रोग्यास सायंकाळचे जेवण दोन तृतीयांशावर आणल्याचा जो गुण येतो, तो कोणत्याही भस्माने येत नाही. सवय होईपर्यंत आठ-दहा दिवस चुकल्यासारखे वाटते, मग वाटेनासे होते.

पेढीवरील मंडळींविषयी लिहिताना घरातील मंडळींकडे दुर्लक्ष होते, आणि आमच्याकडूनही पुष्कळ वर्षे झाले. सूर्यास्तापूर्वी सर्वांची पाने झाली पाहिजेत म्हणून जी गृहिणी चार वाजल्यापासून चुलीपुढे उभी असते, तिच्या स्वतःच्या पानास किती वेळ उरतो? पुरुष जेवले, मुले जेवली, दुकानावरून उशिरा आलेल्या दिराचे पान वाढले. बाहेर उजेड कमी होत चाललेला, आणि ही बाई उभ्या उभ्या चार घास घाईने गिळते, किंवा राहू दे म्हणून पाणी पिऊन उठते. दुपारीही तीच शेवटी. पुन्हा अष्टमी-चतुर्दशीचे एकाशन असतेच. अशा स्त्रियांचे अम्लपित्त आमच्याकडे येते ते ‘हिला राग फार’ किंवा ‘हिचे डोके फार दुखते’ या नावाने. जेवताना घाई नसावी, चित्त जेवणात असावे, हा चरकाचा नियम स्त्रियांस वगळून सांगितलेला नाही. ज्या घरांनी आमच्या सांगण्यावरून सायंकाळचा स्वयंपाक एका पदार्थाने कमी केला आणि गृहिणीचे पान सर्वांबरोबर मांडले, तेथे औषधाची मागणी निम्म्यावर आली आहे. पुढील पंगतीत कोणी आम्हांस याबद्दल दोष दिला तर तो आम्ही सोसू.

आता पथ्याविषयी. जुने तांदूळ, साळीच्या व ज्वारीच्या लाह्या, मुगाचे पातळ वरण, पडवळ, दुधी, दोडका, कोहळा, ताजे लोणी काढलेले गोड ताक थोडे, मनुका, आवळा, घरचे तूप बेताने, हे या रोगात चालते. ज्वारीची भाकरी चालते. तिच्याबरोबर जो हिरव्या मिरचीचा खर्डा येतो तो चालत नाही. हुलग्याची आमटी आपल्या भागात प्रिय, परंतु हुलगा पाकात आंबट आणि पित्त वाढविणारा; तो आणि उडीद सोडावेत. आंबवलेले पदार्थ, शिळे अन्न, रात्र उलटलेले दही, लोणचे, वारंवार तापविलेल्या तेलातील भजी आणि फरसाण यांविषयी लांबण लावण्याची गरज नाही. ज्याचे त्यास पुड्याच्या संख्येवरून कळते. मिरचीच्या बाबतीत आम्ही त्या गृहस्थांस ‘मिरची सोडा’ म्हणालो नाही. ज्याची रोजी मिरचीवर चालते त्यास तसे सांगणे धीटपणाचे. भाजीत संकेश्वरीऐवजी ब्याडगी वापरा, रंग येईल आणि तिखटपणा कमी होईल, एवढेच सुचविले. निपाणीकडील तंबाखूच्या व्यापारातील सभासदांसही हेच म्हणणे आहे की माल विकावा, चाखू नये.

चहा हा खरा कठीण प्रश्न. आलेल्या गिऱ्हाइकास चहा पाजणे ही पेढीची रीत, आणि त्याच्याबरोबर आपणही घोट घेणे हा शिष्टाचार. दिवसाचे सहा-सात कप सहज होतात आणि तेही रिकाम्या पोटी. आमच्या एका स्नेह्यांनी यावर तोड काढली आहे. गिऱ्हाइकास चहा आणि स्वतःच्या कपात धने-जिऱ्याचे कोमट पाणी. रात्री भिजत घालण्याचे कारण नाही. सकाळी चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरे कुटून पेलाभर पाण्यात उकळून गाळले की झाले. गिऱ्हाईक कपात डोकावत नाही. दुधाविषयी एक सूचना. थंड दुधाने तात्पुरता दाह शमतो हे खरे, परंतु पुढे तेच दूध जठरास आम्ल पाझरविण्यास उद्युक्त करते. म्हणून रात्री निजताना पेला भरून घेण्याची युक्ती बरी नव्हे. आपल्या बहुतेक घरांत ती शक्यही नाही.

खाण्याच्या सोड्याविषयी सांगितलेच पाहिजे. सोडा आम्लास मारतो, आणि मारताना वायू उत्पन्न करतो. ढेकर येतो, बरे वाटते. परंतु फुगलेल्या पोटाने तेच वलय पुन्हा उघडते. शिवाय त्यात मिठातील सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबाच्या रोग्यास तो बाधतो. कधीमधी घेतला तर चालेल. गल्ल्यात ठेवू नये. सकाळी उठून मिठाचे पाणी पिऊन रोज उलटी काढण्याचीही काहींस सवय असते. ऊर्ध्वग अम्लपित्तात वमन सांगितले आहे खरे, परंतु ते रोग्याचे बल पाहून, पूर्वतयारी करून, वैद्यासमोर, क्वचित करावयाचे कर्म आहे. रोजच्या उलटीने अन्ननलिका सोलवटते आणि दात झिजतात.

औषधांत सर्वांत अधिक खप अविपत्तिकर चूर्णाचा. भैषज्यरत्नावलीत याचे प्रमाण दिले आहे. व्यापारी वाचकांपुढे हिशेबच मांडतो. सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलोण, वावडिंग, वेलदोडा आणि तमालपत्र अशी 11 द्रव्ये एकेक भाग. त्या अकरांइतकी लवंग, म्हणजे 11 भाग, बेरीज 22. त्याच्या दुप्पट निशोत्तर, म्हणजे 44, बेरीज 66. आणि या सर्वांइतकी साखर, म्हणजे आणखी 66. एकूण 132. तेव्हा जो हे चूर्ण घेतो तो निम्मी साखर घेतो; मधुमेही सभासदांनी हे ध्यानात घ्यावे. आणि तिसरा हिस्सा निशोत्तर घेतो, म्हणजे रेचक घेतो. ज्यास मलावरोध आहे त्यास प्रारंभी याचा उत्तम गुण येतो. परंतु वर्षानुवर्षे घेतले की आतड्यास टोचणीची सवय लागते. आणि गर्भवती, अतिकृश किंवा ज्यांस आधीच शौचास पातळ होते, त्यांनी स्वतःच्या विचाराने ते घेऊ नये.

त्याहून सौम्य म्हणजे आवळकाठीचे चूर्ण खडीसाखरेबरोबर, मोरावळा, गुळवेल सत्त्व, शतावरी. ज्येष्ठमधाने घशाचा दाह त्वरित शमतो. परंतु फार दिवस आणि फार मात्रेने घेतल्यास रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते आणि शरीरातील पोटॅशियम घटते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आम्ही दिवसातून दोनदा तरी ऐकतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सूतशेखराची मात्रा दुकानातून चॉकलेटाप्रमाणे आणून खाणारेही आहेत. त्यात पारा, गंधक, ताम्र, बचनाग आणि धोत्र्याचे बी असते. अशा विषारी द्रव्यांच्या औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना छापणे कायद्याने आवश्यक केले आहे, ते उगाच नव्हे.

आपल्या समाजापुरती आणखी एक अडचण आहे, आणि बहुतेकांस ती ठाऊक नसते. पित्तावर सर्रास दिला जाणारा कामदुधा रस मोती, प्रवाळ, शिंपला, कवडी आणि शंख यांच्या भस्मांनी बनतो. त्यात गेरू आणि गुळवेल सत्त्व तेवढे निराळे. सूतशेखरातही शंखभस्म असते. ही सर्व द्रव्ये जीवांच्या शरीरापासून येतात. अनेक चूर्णांचे अनुपान मध असते आणि चूर्ण भरलेल्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जनावरांच्या कातडीहाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. कोणी काय वर्ज्य मानावे हे ठरविणारे आम्ही कोण? परंतु व्रती मनुष्यास न सांगता त्याच्या हातावर ते ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. वैद्यास आणि डॉक्टरास आपला नियम आधी सांगावा. पर्याय बहुधा निघतो. हा विचार नवा नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला, तो मद्य, मांस आणि मधु यांवाचून चिकित्सा करता येते हे दाखविण्यासाठीच. तो 1940 मध्ये सोलापूर येथून छापून प्रसिद्ध झाला. शतावरी हे मूळ असल्याने कंदमूळ वर्ज्य करणारे विचारतात की ती चालेल काय. त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गुरूंकडून घ्यावे. आवळा आणि मनुका यांवर बहुतेकांचे काम भागते.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका सभासदाच्या मातोश्री गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त होत्या आणि अम्लपित्तासाठी आमच्याकडून चूर्ण नेत. तीन वर्षे नेत होत्या. गुडघ्यासाठी त्या रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. अशा गोळ्यांनी जठरात व्रण पडतो. एके दिवशी त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. पंधरा दिवसांपासून शौच डांबरासारखे काळे होत होते. आतून रक्त जात होते. रुग्णालयात रक्त द्यावे लागले आणि दुर्बिणीने तपासून व्रण बांधावा लागला, त्या वाचल्या. तेव्हापासून नव्या-जुन्या प्रत्येक रोग्यास आम्ही पहिला प्रश्न हाच करतो की, दुखण्याची कोणती गोळी घेता, आणि शौचाचा रंग कसा आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. तरी शंका आल्यास थांबू नये.

घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, पांढरेफटकपणा, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली जळजळ, यांपैकी काहीही असेल तर चूर्ण बाजूस ठेवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिल्यास अन्ननलिकेचे अस्तर पालटते आणि क्वचित पुढे कर्करोगही उद्भवतो. पुष्कळ जठरव्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये दाखविले; त्यांस 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो जंतू आढळल्यास डॉक्टरी औषधांचा ठरावीक दिवसांचा क्रम पूर्ण करावा. तेथे पथ्य एकटे पुरे पडत नाही, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

छातीतील प्रत्येक जळजळ पोटाची नसते. जिना चढताना किंवा पोते उचलताना छाती भरून येणे, कळ डाव्या हातात, पाठीत वा जबड्यात जाणे, दरदरून घाम सुटणे, ही हृदयाची लक्षणे आहेत. आमचे एक चुलते वहीपूजनाच्या सायंकाळी ‘पित्त झाले’ म्हणून सोडा घेऊन गादीवर पडले ते उठले नाहीत. मधुमेही मनुष्यात आणि स्त्रियांत ही लक्षणे अस्पष्ट असतात. अशा वेळी ढेकराची वाट पाहू नये, तडक रुग्णालयात जावे.

जे डॉक्टरी आम्लरोधक गोळ्या कित्येक महिने घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नयेत. आवरून धरलेले आम्ल अकस्मात मोकळे झाले की काही दिवस पूर्वीपेक्षा अधिक उसळते. रोगी म्हणतो चूर्ण बाधले, आणि वैद्य म्हणतो गोळी बाधली. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. यांपैकी पुष्कळ गोळ्या सकाळच्या आहारापूर्वी अर्धा तास घ्यावयाच्या असल्याने रात्री काही न घेणाऱ्यांसही अडचण येत नाही.

उपवासाविषयी थोडे. निरोगी मनुष्यास एक दिवसाचा उपवास सहसा बाधत नाही. बाधते ते पारणे. दशलक्षणातील किंवा पर्युषणातील दीर्घ उपवासानंतर पहिल्याच पानात शिरा, पुरी आणि तळणी आली की मंद झालेला अग्नी दबून जातो. शोधनानंतर अग्नी मंद असताना पेज, मग दाट भात, मग मुगाचे कढण अशा पायऱ्यांनी आहार वाढविण्यास आयुर्वेदाने सांगितले आहे. पारण्यासही तोच क्रम लावावा. ज्यांस पूर्वी जठरव्रण झालेला आहे किंवा जे मधुमेहाची औषधे घेतात, त्यांनी दीर्घ उपवासापूर्वी वैद्याचा सल्ला आणि मुनिमहाराजांचा विचार दोन्ही घ्यावेत.

निजण्याची रीत लहान परंतु गुणकारी. पलंगाच्या उशाकडील दोन पायांखाली सहा ते आठ इंच उंचीचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढविल्याने मान वाकते आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर निजावे. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूस राहते आणि आम्ल सहज वर येत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांची दुपारची वामकुक्षी डाव्या कुशीचीच होती, फक्त जेवताच आडवे होऊ नये. आधी शतपावली घडावी.

मिरचीवाल्या गृहस्थांचा डबा साडेअकराला येऊ लागला, त्यास आता चौदा महिने झाले. पहिला महिना कठीण गेला. गाड्या नेमक्या त्याच वेळी येत आणि हमाल हाका मारीत. अखेर चिरंजीवांनी ती वीस मिनिटे गल्ल्यावर बसण्याचे पत्करले. सायंकाळचे पान हलके झाले, पत्नीचे पान त्यांच्या शेजारी आले. तीन महिने आवळा आणि गुळवेल सत्त्व दिले, मग तेही थांबविले. सोड्याची डबी निघून गल्ल्याच्या त्या खणात आता सुतळीचे गुंडाळे असते. कैरीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात अद्याप दोन-चार वेळा जळजळ होते. मग त्यांचा दूरध्वनी येतो, आणि आम्ही लाह्यांचे पाणी घेऊन सायंकाळचे पान त्या दिवसापुरते अर्ध्यावर आणावयास सांगतो.